तुलनेला ठेवलेले मासे

बाईंनी जन्मात मासा खाल्ला नाही. लग्नकार्यात नाही, गोव्याच्या सहलीत नाही, कुणी फार आग्रह केला म्हणूनही नाही. पण माशांच्या बाजूने त्या जितक्या माणसांशी भांडल्या तितक्या माणसांची माझी ओळखही नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. मी नुकती लागलेली आणि त्यांची निवृत्तीला चारपाच वर्षं उरलेली. पहिल्या दिवशी मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून मी खूश झाले. तिथे कुणी टिकत नाही म्हणून ती रिकामी होती, हे दुपारपर्यंत कळलं. बाईंच्या टेबलावर, खणात, पर्समध्ये आणि बहुधा अंबाड्यातसुद्धा तेलाच्या छोट्या बाटल्या असत. ओव्याचं तेल, लवंगेचं, दालचिनीचं, गवती चहाचं, तुळशीचं. बुचं कितीही घट्ट लावा, वास बाहेर यायचाच. आठवडाभरात माझ्या डब्यातल्या पोळीला ओव्याची चव यायला लागली. घरी गेले की सासूबाई विचारायच्या, "आज कुणाचं पोट बिघडलं होतं का गं?"

मी एकदा धीर करून बाईंना म्हटलं, "जरा वास येतो हो."

"येतो ना? छान. म्हणजे नाक शाबूत आहे," बाई म्हणाल्या आणि पेपर तपासत राहिल्या.

त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. मॅडम बँकेत असतात, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या मला एरवी 'तू' म्हणायच्या. रागावल्या की 'आपण' वर जायच्या. "आपण पीएचडी केलीत ना?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आपल्या हातून काहीतरी फार मूर्खपणाचं घडलेलं आहे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी म्हणालं, आज चहा झकास झालाय, तर बाई विचारणार, "कशाच्या तुलनेत?" नव्या प्राचार्यांनी पहिल्याच भाषणात आपल्या महाविद्यालयाची भरभराट होत असल्याचं सांगितलं, तेव्हाही तिसऱ्या रांगेतून तोच आवाज आला. प्राचार्य हसले, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे. बाईंनी विनोद केलेला मला तरी आठवत नाही.

प्रयोगशाळेत हे रास्तच असतं. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्या गटाला द्यायचं नाही, आणि मग दोघांकडे बघायचं. दुसरा गट नसेल तर पहिल्याचं काय झालं ते सांगताच येत नाही. आम्ही त्याला कंट्रोल म्हणायचो, बाई नुसतं 'तुलना' म्हणायच्या. फक्त त्यांची तुलना प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नसे. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लिंबाच्या लोणच्याच्या कायम दोन बरण्या असत, एक नेहमीच्या पद्धतीची आणि एक काहीतरी बदल केलेली. दोन्ही खायला घालून त्या आपल्या तोंडाकडे बघत बसत. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी तिळाच्या तेलात ओवा उकळून मालिश सुरू केलं, पण फक्त उजव्या गुडघ्याला. डावा तुलनेला ठेवला.

"काही फरक?" मी विचारलं.

"उजवा जरा बरा आहे. पण तो आधीपासूनच बरा असेल. एका बाईचे दोन गुडघे म्हणजे पुरावा नव्हे."

तरीही डाव्याला तेल लागलं नाही. वर्षानुवर्षं. जिना चढताना त्या डाव्या पायाशी थांबायच्या, कठड्याला धरायच्या आणि पुढे जायच्या. मला ते बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "अहो, स्वतःचा गुडघा आहे तो." तर म्हणाल्या, "म्हणून काय त्याला सूट?"

आता हे मासे कुठून आले ते सांगते. बाईंची आई साध्या मूत्रमार्गाच्या लागणीने गेली. औषधं होती, डॉक्टर चांगले होते, हॉस्पिटल चांगलं होतं, आणि एकेक करून एकही औषध लागू पडेना. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही परीक्षेच्या वर्गावर पहारा करताना, फळ्याकडे बघत. "मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, ती शिकली नाहीत," त्या म्हणाल्या. "जंतूंना कुणी शिकवायला गेलं नाही, तर ते शिकून बसले. कुठे शिकले? आपण गोळ्या अर्ध्यात सोडल्या तिथे. कोंबड्यांच्या खाद्यात. माशांच्या तळ्यात. मासा आजारी पडला की तळ्यात माणसांच्या औषधांच्या पुड्या ओततात लोक. माशाचा जंतू मरतो थोडा आणि शिकतो फार."

कोंबडीवाले ऐकणार नाहीत, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. माशांचं मात्र हाती घेतलं. ओवा, लवंग, दालचिनी यांच्या तेलांनी जंतू मरतात हे काही बाईंनी शोधलं नव्हतं. आपल्याकडे दाढ दुखली की लवंग धरतातच. बाईंना दाखवायचं होतं ते एवढंच, की खऱ्या तळ्यात, खऱ्या शेतकऱ्याचा आजारी मासा असल्या तेलाने बरा होतो आणि पुडीची गरज पडत नाही. ते पण असं दाखवायचं, की त्यांच्यासारख्याच एखाद्या खवट बाईने 'कशाच्या तुलनेत?' विचारलं तर उत्तर तयार असलं पाहिजे. निवृत्त व्हायच्या आत त्यांना हे करायचं होतं. त्यापुढे प्रयोगशाळेची किल्ली परत द्यावी लागणार होती.

काचेच्या बशीत त्यांना यश केव्हाच मिळालं होतं. बशीत माशांच्या आजाराचे जंतू सायीसारखे वाढवायचे, मध्ये तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, तिथे जंतू वाढलेले नसतात. ओव्याच्या तेलाचं वर्तुळ सगळ्यांत मोठं यायचं. नातवाचा फोटो दाखवावा तशी ती बशी बाई विभागभर दाखवत फिरायच्या.

"बाई, बशीत काय हो, सगळंच मरतं," विभागप्रमुख सर म्हणायचे.

"म्हणूनच तळ्यात जायचंय," बाई म्हणायच्या.

त्याआधी लवंगेचं एक प्रकरण झालं होतं. लवंगेच्या तेलाने मासे झोपतात, हे बाईंना पुस्तकातून माहीत होतं. किती तेलाने झोपतात ते बघायला त्यांनी टाकीत थोडं थोडं घातलं आणि तासाला निघून गेल्या. नेमके त्याच वेळी सर पाहुण्यांना घेऊन प्रयोगशाळेत आले. टाकीत सगळे मासे पोट वर करून पडलेले. पाहुणे कुठल्याशा समितीचे होते, त्यांनी रुमाल नाकाला लावला. सरांनी घाईघाईने ती टाकी मोरीत रिकामी करायला सांगितली. तेवढ्यात बाई आल्या आणि मोरीच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या.

"झोपलेत ते. वर्गातली मुलं झोपली तर आपण त्यांना फेकून देतो का?"

मग त्यांनी एकेक मासा उचलून ताज्या पाण्यात सोडला. पाहुण्यांना स्टुलावर बसवलं आणि मासे उठेपर्यंत हलू दिलं नाही. पहिल्या माशाने शेपूट हलवलं तेव्हा पाहुण्यांनी रुमाल खिशात ठेवला. समितीने आमच्याबद्दल काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण बाईंची तुलनेची टाकी शेजारीच होती आणि तिच्यातले मासे सगळा वेळ जागे होते, हे त्यांनी पाहुण्यांना तीनतीनदा दाखवलं.

मंगलताई आल्या त्या त्याच वर्षी, थंडी पडायला लागल्यावर. वाघोलीच्या पलीकडे त्यांचं शेत, शेतात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं शेततळं, तळ्यात रोहू आणि कटला. त्या बसने आल्या होत्या, रंगाच्या रिकाम्या बादलीत तीन मासे घेऊन. माशांच्या अंगावर लाल चट्टे पडलेले, खवले गळलेले, एकाच्या शेपटीजवळ मांस दिसत होतं.

"गेल्या साली पुडी टाकली तर बरं झालं हुतं," त्या म्हणाल्या. "औंदा टाकली, डबल टाकली, कायबी फरक न्हाई. कुणीतरी सांगितलं, हितं एक बाई हायेत, माशाच्या डाक्टर."

"डॉक्टर आहे, पण माशांची नाही," बाई म्हणाल्या. "जंतूंची आहे. आणि तुमचे जंतू शिकलेत, मंगलताई."

त्या बादलीवर वाकून बाईंनी कितीतरी वेळ बघितलं. मग पर्समधून ओव्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. मला त्यांच्याकडे बघूनच कळलं, तळं मिळालं.

पहिली चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. बशीत टिकलीवर तेल घालतो तसं तळ्यात तेल घातलं. मी माझ्या स्कूटरवर बाईंना मागे बसवून, मांडीवर तेलाचा कॅन देऊन वाघोलीच्या पुढपर्यंत घेऊन गेले. बांधावरून तेल ओतलं, आणि ते अर्थातच पाण्यावर तरंगायला लागलं. तेल पाण्यावर तरंगतं हे पाचवीतल्या मुलाला माहीत असतं. आमच्या विभागात तीन डॉक्टरेट होत्या. वाऱ्याने सगळा तवंग एका कोपऱ्यात गोळा झाला, ओव्याच्या वासाने मंगलताईंचे दीर डोळे चोळत घरात गेले, आणि मासे खाली आपले होते तसेच आजारी राहिले.

परतीच्या वाटेवर बाई रिकामा कॅन मांडीवर धरून वाघोलीच्या सिग्नलपर्यंत आल्या. सिग्नलला म्हणाल्या, "आपण पीएचडी केलीत ना?" मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "मी मला विचारतेय."

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकाला लागल्या. तेल पाण्यात जात नसेल तर पोटातून गेलं पाहिजे. माशांच्या खाद्याच्या गोळ्यांवर तेल चढवायचं, पण ते पाण्यात सुटता कामा नये. त्यासाठी त्यांनी तांदळाची पेज करून बघितली, डिंक बघितला, शेवटी अंड्याच्या पांढऱ्यावर आल्या. अंड्याला हात लावताना त्या तोंड फिरवायच्या, पण लावायच्या. पांढऱ्यात ओव्याचं तेल घुसळायचं, ते गोळ्यांवर शिंपडायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं तर तेल उडून जातं. प्रयोगशाळेत वर्तमानपत्रांवर गोळ्या पसरलेल्या असायच्या आणि बाई कुर्डया राखाव्यात तशा त्यांच्याभोवती फिरायच्या.

तळ्यात आम्ही दोन हापे लावले. हापा म्हणजे जाळीचा चौकोनी पिंजरा, मच्छरदाणी उलटी करून पाण्यात बांधावी तसा. दोन्हींत सारखेच आजारी मासे सोडले. लाल झाकणाच्या डब्यातलं ओव्याचं खाद्य एका हाप्यात आणि बाकीच्या सगळ्या तळ्यात घालायचं. पांढऱ्या झाकणाच्या डब्यातलं साधं खाद्य फक्त दुसऱ्या हाप्यात.

"आन मग ह्या हाप्यातल्यांनी काय करायचं?" मंगलताईंनी विचारलं.

"काही नाही. ते तुलनेला."

"म्हंजे मरायचं?"

"कदाचित. पण ते नसतील तर बाकीचे कशाने जगले, ते आपल्याला कळणार नाही."

मंगलताईंनी हाप्याकडे बघितलं. मान हलवली. ती मान होकाराची होती असं आम्ही धरलं.

काही आठवड्यांत मासे बरे झाले. चट्टे सुकले, नवे खवले आले, मासे वर येऊन खाद्याला झडप घालायला लागले. तळ्यातले बरे झाले, पहिल्या हाप्यातले बरे झाले आणि दुसऱ्या हाप्यातलेही बरे झाले. मंगलताईंनी आम्हाला गूळपोळी खायला घातली. सरांनी विभागात पेढे आणले आणि फेब्रुवारीतल्या परिषदेत बाईंचा निबंध वाचायचं ठरवूनही टाकलं. मी इतकी आनंदात होते की मला ओव्याचा वास आवडायला लागला होता. बाई मात्र पेढा हातात धरून उभ्या होत्या.

"तुलना पण बरी झाली," त्या म्हणाल्या.

"चांगलंच आहे की," सर म्हणाले.

"मग आपण काय केलं? थंडी कमी झाली म्हणून बरे झाले असतील. नशिबाने बरे झाले असतील. चल गं, स्कूटर काढ."

तळ्यावर गेल्याबरोबर त्यांनी साडीचं भान न ठेवता गुडघे टेकले, दोन्ही, आणि दुसऱ्या हाप्यातला एक मासा जाळीने काढला. तो हातात धरला आणि त्याचं तोंड हुंगलं. जन्मात मासा न खाल्लेल्या बाईला माशाच्या तोंडाचा वास घेताना मी तेव्हा पाहिलं. मग मासा परत सोडून त्या शेडमध्ये गेल्या आणि पांढऱ्या झाकणाचा डबा उचलून बघितला. तो जड होता. जवळजवळ भरलेला.

मंगलताई दारात आल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

"एकाच ताटातली लेकरं, बाई," त्या म्हणाल्या. "एकाला औषिद द्यायचं आन दुसऱ्याला न्हाई. दोन दिस दिलं तसं. तिसऱ्या दिशी माज्याच्यानं न्हाई झालं. समद्यांना लाल डब्यातलंच दिलं."

मला वाटलं बाई आता 'आपण' वर जाणार. पण त्या डबा खाली ठेवून त्याच्याशेजारी बसल्या. बराच वेळ झाकणावरून बोट फिरवत राहिल्या.

"तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "हे काम मीच तुमच्या हातात द्यायला नको होतं."

सरांना ही गोष्ट सांगितल्यावर ते आधी हसले आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, मासे जगले ना? औषध लागू पडलं हे तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. तुलनेच्या माशांचं काय ते अंदाजाने लिहून टाका. तुम्ही मेमध्ये निवृत्त होताय. पुन्हा संधी कधी येणार?"

"लिहिते," बाई म्हणाल्या. "अंदाज कुणाचा म्हणून लिहू? आपलीच सही घेते खाली."

सरांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. बाईंनी त्याच दुपारी परिषदेला कळवलं की निबंध मागे घेतला आहे. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग मला दिसायला लागलं की त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघताना प्रत्येक टाकीपाशी थांबतात, आणि माझा राग मावळला. त्यांची शेवटची थंडी वाया गेली होती आणि तळं पुन्हा आजारी पडेपर्यंत, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत, त्यांना काहीही करता येणार नव्हतं.

मेमध्ये त्यांनी किल्ली परत दिली. निरोपसमारंभात शाल घेतली, श्रीफळ घेतलं, आणि सर म्हणाले की बाईंसारख्या शिक्षिका आता होणे नाही. तिसऱ्या रांगेतून कुणीही काही विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

जूनमध्ये त्यांच्या फ्लॅटवर गेले तर हॉलमध्ये टीव्हीच्या जागी दोन टाक्या होत्या, बाल्कनीत गोळ्या वाळत होत्या आणि सोफ्यावर बसायला जागा नव्हती. अख्खा जिना ओव्याने भरलेला. लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना लागली होती: 'इमारतीत उग्र वास येत असल्याच्या तक्रारी आहेत. संबंधितांनी दखल घ्यावी.' खाली बाईंच्या अक्षरात: 'घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या उदबत्तीचाही येतो. दोन्हींची तुलना करून कळवावे.' चिटणीस त्यांना समजवायला आले होते, ते लोणच्याच्या दोन बरण्या चाखून आणि मत देऊन परत गेले.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "तू कॉलेजात बशा लावून दे. बाकी माझं मी बघते."

मंगलताईंना पुन्हा तयार करायला त्या स्वतः गेल्या, दोन बस बदलून. मी नंतर ऐकलं त्यावरून, त्यांनी काही गोड बोलून पटवलं नाही. सांगितलं की तुमचे मासे मागच्या वर्षी जगले, पण आजूबाजूच्या सगळ्या तळ्यांत अजून पुड्या पडतायत. त्या पाण्यातले शिकलेले जंतू उद्या तुमच्या घरात येतील, आणि तेव्हा डॉक्टरकडे औषध नसेल. मग आईची गोष्ट सांगितली. मला वाटायचं ती त्यांनी फक्त मला सांगितली होती.

"ठेवा तुमचा त्यो हापा," मंगलताई म्हणाल्या. "पन मी त्याला हात लावनार न्हाई. तुमीच घाला काय घालायचं ते."

म्हणून थंडी पडली आणि पहिले चट्टे दिसले तेव्हा बाईंनी मंगलताईंच्या घरी मुक्कामच ठोकला. ओसरीवर त्यांची पथारी. सकाळ-संध्याकाळ दोन्ही हाप्यांना त्या आपल्या हाताने खाद्य घालायच्या. घरात कालवण शिजायचं, त्याच पंगतीला बाई पिठलं-भाकरी खायच्या, आणि दिरांना विचारायच्या, "हा आपल्यातला नाही ना?" मी दर रविवारी स्कूटरवर जायचे. दोघींचं काय चालतं हे मला फारसं कळायचं नाही, पण दुपारी त्या एकाच खाटेवर बसून लसूण सोलत असायच्या.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा मंगलताई तळ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी जवळ गेले आणि का ते दिसलं. ओव्याच्या हाप्यातले मासे बहुतेक बरे होते. काहींच्या अंगावर सुकलेले डाग, दोनेक मेलेलेही होते, पण बाकीचे खाद्याला उसळत होते. शेजारच्या हाप्यात पाणी हलत नव्हतं. मासे एका बाजूला कलून पडलेले, अंगावर लाल जखमा, कडेला काही उताणे. शेजारी शेजारी, एकच पाणी, मध्ये फक्त जाळी. काही सांगायची गरज नव्हती.

बाई काठावर उकिडव्या बसून मेलेले मासे जाळीने काढत होत्या. एकेक काढून ओल्या फडक्यावर ठेवत होत्या, अगदी हलक्या हाताने. मी नमुने घेतले.  बाईंनी ठरवून ठेवलं होतं की फरक पडलाय याबद्दल वाद राहिला नाही की त्याच दिवशी थांबायचं, एकही घास पुढे जायचं नाही.

"झालं सगळं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"कुणी विचारलं कशाच्या तुलनेत, तर?"

मी फडक्याकडे बोट केलं. 

"पुरे," बाई म्हणाल्या. "मंगलताई, लाल डबा आणा."

मंगलताई पळतच गेल्या. बाईंनी मूठ भरून खाद्य दुसऱ्या हाप्यात टाकलं. आधी काही झालं नाही. मग एक मासा वर आला, त्याच्यामागून दुसरा. खाण्याइतकी ताकद नसलेले खालीच राहिले. त्यांतले सगळे वाचले नाहीत. बाईंच्या निबंधात तेही लिहिलेलं आहे. तो पुढे एका छोट्या नियतकालिकात छापून आला, आणि आभाराच्या ओळीत मंगलताईंच्या नावाच्या आधी 'तुलनेला ठेवलेले मासे' असं आहे. संपादकांनी ते काढायला सांगितलं होतं. बाईंनी तिसऱ्यांदा पत्र लिहिल्यावर त्यांनी नाद सोडला. आता त्या नाशिकला भाचीकडे असतात आणि वाघोलीच्या आसपासच्या कुठल्या तळ्यात अजून पुडी पडते ते मला फोन करून विचारतात. पडते अजून, पण पूर्वीइतकी नाही. 'पूर्वीइतकी' म्हणजे किती, हे मला सांगावं लागतं.

त्या दिवशी मात्र डबा रिकामा करून बाई उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना. डावा पाय धरला होता. मी आणि मंगलताईंनी काखेत हात घालून त्यांना बांधावरच्या दगडावर बसवलं. त्यांनी पर्समधून तेलाची बाटली काढून मंगलताईंच्या हातात दिली. एवढ्या दिवसांत मंगलताईंना सवय झालेली होती, त्यांनी तळहातावर तेल घेतलं आणि उजव्या गुडघ्याकडे हात नेला.

"तो नको," बाई म्हणाल्या. "डावा."

"त्यो तर तुलनेचा."

"हो. फार सोसलंय त्याने. बास झालं आता."

मंगलताईंनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या गुडघ्याला तेल लावलं आणि दोन्ही हातांनी सावकाश चोळायला लागल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. ओव्याचा वास सुटला.

"बरं वाटतंय का, बाई?" मंगलताईंनी विचारलं.

"वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि पुढे काहीच विचारलं नाही.